स्नेअरचं खालचं पान

गणपतीला पंधरा-वीस दिवस उरले की कुडाळ-मालवण पट्ट्यात संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या वाडीतून बेंजोची तालीम ऐकू येते. अशाच एका तालमीतून उठून एक मुलगा चादरीत गुंडाळलेला स्नेअर, म्हणजे खालच्या तोंडावर तारा लावलेला बसका ड्रम, घेऊन आमच्या खळ्यात आला. म्हणाला, "काका, वरचा पान दोनदा बदललंय, तरी आवाज तसोच. डबो वाजल्यासारखो."

वरचं पान खरंच कोरं होतं. काठी मारली तर नुसतं टप् टप्. स्नेअरची ती कुरकुरीत चर्र कुठेच नाही. ड्रम पालथा केला आणि कारण समोरच दिसलं. खाली, तारांच्या मागे, वरच्यासारखंच पांढरं, खरखरीत, जाड पान ताणलेलं होतं. दुकानात "१४ इंची जोडी" मागितली, दुकानदाराने एकाच जातीची दोन पानं बांधून दिली आणि पोरांनी एक वर चढवलं, एक खाली. मग आवाज येईना म्हणून पुन्हा वरचंच बदललं. पैसे गेले ते वेगळेच.

स्नेअर वाजत नाही म्हटलं की सगळ्यांचा हात वरच्या पानाकडे जातो, कारण मार तिथे बसतो आणि डोळ्यांना तेच दिसतं. पण माझ्याकडे येणाऱ्या ड्रमांचं दुखणं बहुतेक वेळा खाली असतं. म्हणून पान निवडायचं कसं, हे सांगताना मी खालूनच सुरुवात करतो.

(ड्रमच्या तोंडावर ताणलेल्या पडद्याला ढोलवाले पान म्हणतात, पखवाजवाले पुडी म्हणतात, त्यालाच दुकानात हेड म्हणून मागावं लागतं. मी पान म्हणेन.)

स्नेअरमध्ये घडतं काय, ते पाहू. काठी वरच्या पानावर पडते. पान खाली दबतं आणि आतली हवा ढकलते. ती हवा खालच्या पानाला धक्का देते. खालच्या पानाला बाहेरून लागून पोलादी तारांची पट्टी असते, साधारणपणे २० तारांची. पान हललं की तारा उडतात आणि परत पानावर आपटतात, पुन्हा उडतात, पुन्हा आपटतात. या असंख्य बारीक आपटण्यांचा मिळून चर्र असा आवाज होतो. म्हणजे स्नेअरला जो 'स्नेअर' बनवतो, तो आवाज काठी थेट काढतच नाही. तो खालचं पान आणि तारा मिळून काढतात. वरचं पान फक्त निरोप देतं.

आता हा निरोप घेणारं पान किती हलकं हवं? पानांची जाडी मिलमध्ये मोजतात. एक मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.०२५४ मिलिमीटर. वरचं नेहमीचं पान १० मिलचं, म्हणजे पाव मिलिमीटर. खालचं नेहमीचं पान ३ मिलचं. १४ इंची ड्रमवर वाजणाऱ्या भागापुरता हिशेब केला तर १० मिलच्या प्लास्टिकचं वजन सुमारे ३५ ग्रॅम भरतं आणि ३ मिलचं जेमतेम साडेदहा ग्रॅम. काठी अलगद पडली तर हवेचा धक्काही अलगदच असतो. साडेदहा ग्रॅमचा पापुद्रा त्याने थरथरतो, ३५ ग्रॅमचं पान हलायचं नाव घेत नाही. त्या मुलाच्या ड्रमवरच्या तारा जाड पानावर अशा पडून होत्या, जणू टेबलावर ठेवल्या आहेत. जोरात मारलं तरच थोडी खरखर यायची, हलक्या हाताला काहीच नाही.

खालच्या पानावर बहुधा 'स्नेअर साइड' असं छापलेलं असतं. उजेडात धरलं तर पातळ, धुकट पारदर्शक दिसतं आणि बोटाने टिचकी मारली तर कागदासारखं कडकडतं. इव्हान्सचं 'स्नेअर साइड ३००' आणि रेमोचं 'अँबॅसडर हेझी' ही दोन्ही ३ मिलची. यापेक्षा पातळ २ मिलचं मिळतं, ते अगदी बारीक हाताच्या वाजवण्याला छान, पण रस्त्यावरच्या कामाला नाजूक. ५ मिलचंही असतं, ते जोरदार हाताला टिकतं पण तारांचा प्रतिसाद जरा जड करतं. मनात शंका असेल तर डोळे मिटून ३ मिल घ्या. हे पान स्वस्तही असतं, वरच्याच्या तुलनेत कमी वेळा बदलावं लागतं, आणि तरीही वर्षानुवर्षं कुणी बदलत नाही. तारांच्या खाली पानावर रेघोट्या उमटल्या असतील, पान दुधाळ दिसू लागलं असेल किंवा ताणूनही सैलच राहत असेल, तर त्याचे दिवस भरले.

वरच्या पानाकडे वळण्याआधी आपल्या हवेबद्दल दोन शब्द. शिमग्याला ढोल-ताशे आगीजवळ शेकताना आपण सगळ्यांनीच पाहिलंय. कातडं दमट हवेतलं पाणी पितं, सैल पडतं, आवाज बसतो. शेकलं की पाणी उडतं आणि पान पुन्हा ताणतं. पाश्चात्त्य ड्रमचंही तेच होतं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत स्नेअरवर वासराचं कातडं असायचं आणि पावसाळी हवेत वादक हैराण व्हायचे. मग ड्युपाँट कंपनीची मायलार नावाची पॉलिएस्टरची फिल्म बाजारात आली. अमेरिकेत चिक इव्हान्स आणि रेमो बेली यांनी तिची पानं बनवून विकायला सुरुवात केली. रेमो कंपनी १९५७ची. तिच्या पानांचं नाव 'वेदर किंग', म्हणजे हवामानाचा राजा. कोकणात बसून हे नाव वाचलं की त्याचं मोल कळतं. जून ते सप्टेंबर ज्या हवेत पापड दोन तासांत मऊ पडतो, त्या हवेत पॉलिएस्टरचं पान जवळपास जसंच्या तसं राहतं. आपल्याकडे गणपतीच्या ऐन पावसात स्नेअर वाजू शकतो तो या शोधामुळे.

आता थोडं शास्त्र, पण ते भजनाच्या भाषेत सांगतो. पानाचा सूर दोन गोष्टींवर ठरतो, ताण आणि वजन. ताण वाढवला की सूर चढतो, पण सरळ हिशेबाने चढत नाही. ताण दुप्पट केला तर सूर सा वरून तीव्र मध्यमापर्यंतच पोचतो. वरचा सा हवा असेल तर ताण चौपट लागतो. म्हणून स्नेअर शेवटच्या टप्प्यात आवळताना बोल्ट फिरवायची चावी इतकी जड जाते. वजनाचं उलट. पान दुप्पट जाड केलं तर त्याच ताणाला सूर तितकाच खाली उतरतो. पखवाजी डाव्या पुडीला कणीक लावतो तेव्हा नेमकं हेच करतो, वजन वाढवून सूर खाली आणतो.

उजव्या पुडीवरची शाई, म्हणजे मधला काळा लेप, मात्र आणखी एक काम करते. साध्या, शाई नसलेल्या गोल पानातून मुख्य सुराबरोबर जे वरचे सूर निघतात ते त्याच्या १.५९ पट, २.१४ पट, २.३० पट असे वेडेवाकडे असतात. ते एकमेकांत मिसळत नाहीत. शाईच्या जाड-पातळ थरामुळे ते दुप्पट, तिप्पट अशा ओळीत येतात आणि पखवाज गातो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२०मध्ये 'नेचर' नियतकालिकात एका सहकाऱ्यासोबत मृदंग-तबल्याचा हा गुण जगापुढे मांडला होता. स्नेअरच्या पानाला शाई नाही, त्यामुळे त्याचे वरचे सूर बेसूरच राहणार. थोडे हवेतच, त्यांच्यामुळे आवाजाला धार येते. जास्त झाले की ड्रम 'पिंऽऽग' असा वाजत राहतो. वरच्या पानाचे जे दहा प्रकार दुकानात दिसतात, ते सगळे या वरच्या सुरांना किती मोकळं सोडायचं आणि किती दाबायचं, एवढ्यासाठीच बनवलेले आहेत. हे एकदा ध्यानात आलं की रंगीत खोक्यांसमोर गोंधळायला होत नाही.

सगळ्यात मोकळं म्हणजे एका थराचं १० मिलचं, वरून पांढरा खरखरीत लेप दिलेलं पान. रेमोचं 'कोटेड अँबॅसडर', इव्हान्सचं 'जी वन कोटेड' ही त्यातली. तो लेप नुसता दिसायला नसतो. तो वरचे सूर किंचित मऊ करतो, आणि काठीऐवजी तारांचा ब्रश फिरवायचा असेल तर त्याच्या खरखरीतपणावरच 'सस्स' असा आवाज निघतो. वेंगुर्ला-सावंतवाडीकडे चर्चमधल्या लग्नांना हॉलमध्ये संथ गाणी वाजवणाऱ्यांना हे पान हवंच. पारदर्शक पान स्नेअरच्या वर चढवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ब्रश चालत नाही आणि आवाज काचेसारखा टोकदार होतो.

त्याच्या पुढचं, दोन थरांचं. ७ अधिक ७ मिल, वजन पन्नास ग्रॅमच्या आसपास. रेमोचं 'एम्परर', इव्हान्सचं 'जी टू'. दोन थर एकमेकांवर घासून वरचे सूर लवकर विझवतात, आवाज जाड आणि आटोपशीर होतो, आणि पान टिकतं. बेंजोवाली पोरं हेच मागतात, कारण रात्रभर जोरात वाजवायचं असतं. त्यांचं म्हणणं मला पटतं, पण अर्धंच. जाड पानाला जागं करायला हात जोरात लागतो. मोठ्या ठोक्यांच्या मधे जे हलके, कानात कुजबुजल्यासारखे ठोके असतात, ज्यांच्यामुळे ताल चालतो असं वाटतं, ते जाड पानात हरवतात. मग वादक तेही जोरात मारू लागतो आणि सगळं सपाट होतं. मला विचाराल तर पान फार लवकर फाटत असल्याशिवाय दोन थरांकडे जाऊ नये. त्याऐवजी मधे ठिपका असलेलं एका थराचं पान बघावं. मार बसतो तिथेच ५ मिलचा गोल चिकटवलेला असतो, कडा मोकळी राहते. टिकाऊपणा वाढतो आणि हलके ठोकेही जगतात. ठिपका खालच्या बाजूने असेल तर ब्रशही फिरतो.

कडेने बारीक भोकं पाडलेली कोरड्या आवाजाची पानं मिळतात, ती रेकॉर्डिंगला किंवा घुमणाऱ्या हॉलला उपयोगी. दोन थरांत तेल भरलेली पानं अगदी मुकी, ती उघड्यावर वाजवायला घेऊ नका. शाळेच्या संचलनाच्या बँडमध्ये परदेशी चित्रफिती पाहून केव्हलारसारख्या धाग्याची पानं बसवायचा मोह होतो. ती पानं भयंकर ताणावर वाजतात आणि तो ताण सोसणारी चौकट साध्या साइड ड्रमला नसते. खोड, म्हणजे ड्रमचा गोल सांगाडा, वाकतं.

उघड्या रस्त्यावर भिंती नसतात, आवाज परतून येत नाही. बंद खोलीत कानाला टोचणारा स्नेअर मिरवणुकीत नेमका बसतो, आणि खोलीत गोड वाटलेला बाहेर बसकट वाटतो. म्हणून तालमीच्या खोलीत बसून पानाला नावं ठेवू नका. कुणाला तरी वाजवायला लावून पन्नास पावलं लांब, आडवाटेला उभं राहून ऐका.

पान कितीही चांगलं असो, बसवताना चुकलं की सगळं व्यर्थ. त्या मुलाचा ड्रम आम्ही दोघांनी मिळून उघडला, तसंच सांगतो.

दोन्ही पानं काढली. खोडाची कड कोरड्या फडक्याने पुसली, बोट फिरवून कुठे खाच आहे का पाहिलं. मग दिवा मालवून खोड स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर ठेवलं आणि आत मोबाइलचा टॉर्च लावला. वरच्या कडेला ओट्याशी कुठेच उजेड झिरपला नाही, म्हणजे कड सपाट. उलटं करून ठेवलं तर समोरासमोर दोन ठिकाणी उजेडाची पातळ रेघ दिसली. मुलगा घाबरला. पण ती खोट नव्हे. खालच्या कडेला तारांच्या दोन टोकांपाशी मुद्दाम उथळ उतार दिलेला असतो, तारा पानाला नीट चिकटून बसाव्यात म्हणून. हा उतार आहे म्हणूनच खालची बाजू खाली आणि वरची वर, अदलाबदल चालत नाही.

खालचं ३ मिलचं पान ठेवलं, त्यावर ते दाबून धरणारी रिंग ठेवली, बोल्ट बोटांनी फिरतील तेवढे फिरवले. मग चावी. टेम्पोच्या चाकाचे नट आवळतात तसं समोरासमोर, प्रत्येकी अर्धा फेरा. ओळीने गोल आवळत गेलात तर पान एका बाजूला ओढलं जातं आणि मग ते कधीच सरळ होत नाही. उताराजवळ सुरुवातीला सुरकुत्या दिसतात, तिथले बोल्ट थोडे जास्त घ्यावे लागतात. हे पान वरच्यापेक्षा घट्ट हवं. कडेजवळ अंगठा टेकवला तर जेमतेम हलावं. त्यावर काठी मारायची नाही आणि तळहाताने दाबायचंही नाही, नुसतं नखाने टिचकी मारून प्रत्येक बोल्टजवळचा सूर ऐकायचा.

वरचं पान तसंच, पण याला तळहात चालतो. बोल्ट थोडे आवळल्यावर मधोमध हात ठेवून भार द्यायचा. करकर असा आवाज येतो, तो पान रिंगेत बसल्याचा. मग पुन्हा आवळायचं आणि प्रत्येक बोल्टपासून इंचभर आत काठीचं टोक टेकवून ऐकायचं. इथे मी त्याला म्हटलं, "चावी राहू दे. आधी डोळे मीट आणि सांग, कुठला बोल्ट खाली बोलतो?" तीन फेऱ्यांत त्याने स्वतः शोधला. भजनी घरातलं पोर, कान तयार होता, फक्त स्नेअरलाही सूर असतो हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

तारा शेवटी. बहुतेक जण इथे पुन्हा चुकतात. चर्र येत नाही म्हणून तारा आवळतात, मग तारा पानाला इतक्या चिकटतात की उडूच शकत नाहीत, आवाज आणखी बसतो. तारा आधी पार सैल करा, लांब खरखर येऊ द्या, मग एकेक वेढा घेत खरखर आखूड आणि स्वच्छ होईल तिथे थांबा. बास गिटार वाजली की आपोआप तारा झिणझिणत असतील तर तारांच्या टोकांजवळचे खालच्या पानाचे चार बोल्ट पाव फेरा सैल करून पाहा, बराच फरक पडतो. पूर्ण थांबणार नाही, तो ड्रमचा स्वभाव आहे.

आणि गंज. प्लास्टिकला पाऊस लागत नाही, पण पोलादाला खारा वारा लागतोच. समुद्रकाठच्या घरात वर्षभर तसाच ठेवलेला ड्रम उघडला की बोल्ट करकचून बसलेले असतात. मग ताण सगळीकडे सारखा येत नाही आणि दोष पानाला जातो. बोल्टांना शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब द्या. खोबरेल नको, ते कालांतराने चिकटतं. तांबूस झालेल्या तारा पॉलिशने चकचकीत करण्यापेक्षा बदलाव्यात, कारण गंजलेलं टोक पातळ पान कापतं. लाकडी खोड पावसाळ्यात किंचित फुगतं, त्यामुळे मे महिन्यात लावलेला सूर ऑगस्टमध्ये पुन्हा ऐकून घ्यावा. उन्हात उभ्या टेम्पोतून काढलेला ड्रमही लगेच लावू नये, सावलीत जरा निवू द्यावा.

पान आणायला जाल तेव्हा खोडाचा बाहेरचा व्यास टेपने मोजून जा, रिंगेचा नव्हे. रिंग मोठी असते आणि १४ च्या जागी १५ इंची पान घेऊन परत आलेले लोक मी पाहिलेत. १३ इंची स्नेअरही असतात. दुकानात "वरचं एक, स्नेअर साइडचं एक" असं स्पष्ट सांगायचं आणि खोकं उघडून खालचं पान उजेडात धरून बघायचं.

आमचा ड्रम तासाभरात उभा राहिला. मुलाने आधी बोटाने नुसती टिचकी मारली, आणि तारा बोलल्या. मग हलके ठोके वाजवले, मग जोरात. थोडा 'पिंग' येत होता. खालून काढलेल्या जाड पानावर उताराच्या खुणा उमटल्या होत्या, ते परत नीट चढलं नसतं, म्हणून मी ते कात्रीने कापून दीड इंच रुंदीची वर्तुळाकार पट्टी केली आणि वरच्या पानावर कडेने नुसती ठेवली. पिंग गेला, आवाज सुटसुटीत झाला. त्याने चार आवर्तनं वाजवली, पट्टी उचलली, पुन्हा वाजवली.

"ह्या नको काका," म्हणाला. "असोच बरो वाटता."

पट्टी त्याने चादरीच्या घडीत ठेवून घेतली, हॉलमध्ये वाजवायची वेळ आली तर असावी म्हणून.